गळतीचा रकाना

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. कंपनी छोटी होती, काम मात्र नाजूक. लिनक्सच्या कर्नलमध्ये बसणारं एक नेटवर्क मॉड्यूल आम्ही लिहून विकायचो. एका दलाली पेढीनं ते घेतलं. शेअर बाजारातले भाव त्यांच्या मशीनवर सेकंदाला हजारोंनी यायचे आणि मधूनच त्यातले काही गायब व्हायचे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की पहिली काही मिनिटं हमखास. तक्रार आली तशी आम्ही मॉड्यूलचे आकडे काढले. आकडे दोनच होते: किती पॅकेट आली आणि किती पुढे दिली. दोन्ही शेवटच्या अंकापर्यंत जुळत होते. आमच्याकडे काहीही हरवत नाही, असं छातीठोक उत्तर आम्ही पाठवून दिलं.

पुढचे तीन आठवडे पेढीनं वायर बदलली, स्विच बदलला, नेटवर्क कार्ड बदललं. शेवटी एका रात्री भाईंदर पश्चिमेच्या घरी, जेवणाचं ताट बाजूला सारून, मी माझाच कोड ओळीनं वाचायला बसले. आत येणारं पॅकेट एका रांगेत ठेवायचं होतं. रांगेत जागा मिळाली की ‘आले’चा काउंटर एकनं वाढायचा. जागा नसेल तर काय, याच्या दोन ओळी खाली होत्या: पॅकेटची मेमरी मोकळी कर, परत जा. त्या दोन ओळी माझ्याच होत्या. जे पॅकेट आम्ही फेकत होतो ते आमच्या हिशेबात कधी आलेलंच नव्हतं. मग आले आणि दिले जुळणार नाहीत तर काय होणार? तो हिशेब चुकणं शक्यच नव्हतं, आणि त्यामुळेच तो निरुपयोगी होता.

एखाद्या प्रणालीत कामगिरीचे आकडे ‘घालायचे’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चढते आलेख येतात. किती माल वाहिला, वेग किती, यंत्र किती व्यग्र. हे आकडे काढणं सोपं असतं आणि दाखवायलाही बरं वाटतं. पण नेटवर्क मॉड्यूलमध्ये पहिला आकडा गळतीचा असावा, आणि ज्या ओळीवर माल हातातून सुटतो त्याच ओळीवर तो मोजला जावा, असं माझं मत त्या रात्रीपासून झालं आहे. यशाचा काउंटर लिहायला हात आपोआप जातो. गळतीचा काउंटर लिहायचा तर आधी स्वतःशी कबूल करावं लागतं की माझ्या कोडमध्ये कधीतरी रांग भरेल, कधीतरी मेमरी मिळणार नाही आणि दुसऱ्याचा माल मी टाकून देईन. ही कबुली जड जाते म्हणूनच तो रकाना सुटतो, तांत्रिक अडचणीमुळे क्वचितच सुटतो.

भाईंदरला राहणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागू नये. सकाळी पश्चिमेकडून जिना चढून फलाटावर उतरलं की विरारहून आलेली चर्चगेट फास्ट समोर उभी असते. नालासोपारा, वसई, नायगाव अशी भरत आलेली. लेडीज डब्याच्या दारात चार बाया बाहेरच्या बाजूला लटकलेल्या असतात. त्यांच्या खांद्यांतून आत घुसता आलं तर घुसायचं, नाहीतर पुढच्या गाडीची वाट बघायची. गाडीत शिरलेली बाई निदान दिसते तरी. फलाटावर राहिलेली कुठल्या मोजणीत येते? पास तिनं काढलेला असतो, आणि पासामागे महिन्याच्या ठरावीक फेऱ्या धरून प्रवाशांची संख्या काढायची रीत असते. म्हणजे कागदावर ती गेलेली असते. ज्या जणी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या विरारकडे जातात आणि त्याच गाडीनं रिटर्न येतात, त्यांच्या प्रवासाचं तर नावच नाही. यात रेल्वेला दोष देण्याचा हेतू नाही. तिकीट मोजणाऱ्या हिशेबात तिकीटच मोजलं जाणार. प्रश्न इतकाच की फलाटावर कोण राहिलं हे विचारायचं असेल तर मोजणारा फलाटावरच उभा पाहिजे.

नेटवर्क कार्डातही हुबेहूब असा फलाट असतो. कार्ड वायरवरून आलेलं पॅकेट मेमरीतल्या एका गोल रांगेत ठेवतं, कर्नल तिथून ते उचलतो. कर्नल दुसरीकडे गुंतला आणि रांग भरली तर कार्ड पुढचं पॅकेट सोडून देतं. कर्नलला ते आलं होतं हेही कळत नाही. ते फक्त कार्डाच्या स्वतःच्या रजिस्टरला ठाऊक असतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं ते रजिस्टर वाचून ‘हुकलेली’ या वेगळ्या खात्यात मांडलं तर जगाला कळतं. त्यानं आळस केला तर त्या मशीनवर कधीच काही हुकलेलं नसतं.

लिनक्समध्ये हे आकडे बघायची सर्वांत जुनी खिडकी म्हणजे प्रोक-नेट-डेव्ह नावाची एक फाइल. प्रत्येक नेटवर्क जोडणीची एक ओळ, येण्याचे आठ रकाने, जाण्याचे आठ. जाण्याच्या बाजूला टकरींचा एक रकाना आहे. एका जाड कोअ‍ॅक्सियल वायरवर सगळी मशीनं लटकलेली असत आणि दोघं एकाच वेळी बोलले की टक्कर होई, त्या काळातला. आज स्विच आणि मशीन यांच्यात येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असते, टक्कर होणार कशी? तो रकाना वर्षानुवर्षं शून्य दाखवत उभा आहे. काढता येत नाही, कारण जगभरातले कितीतरी प्रोग्राम ती फाइल रकाने मोजून वाचतात. मधला एक काढला की पुढचे सगळे एकेका घरानं सरकले. जुन्या वाड्यातल्या बंद विहिरीसारखं आहे हे: पाणी नाही, पण बुजवायची कुणाची हिंमत नाही.

त्यामुळे ‘काय बिघडतं, सगळंच मोजून ठेवू’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. एकदा बाहेर दिसलेला काउंटर परत घेता येत नाही, आणि तो फुकटही नसतो. दहा गिगाबिटच्या वायरवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेट धो-धो येऊ लागली तर ती सेकंदाला 1 कोटी 48 लाखांहून जास्त असतात. एका पॅकेटच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. एवढ्यात ते वाचायचं, तपासायचं, पुढे द्यायचं आणि वर मोजायचंही. प्रोसेसरचे सोळा गाभे एकाच काउंटरवर लिहू लागले तर काउंटर प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीतल्या ज्या तुकड्यात (कॅशे लाइनमध्ये) असतो त्याची ओढाताण सुरू होते आणि मोजणीच कामापेक्षा महाग पडते. कल्पना करा, स्टेशनवर बारा तिकीट खिडक्या आहेत आणि प्रत्येक तिकिटामागे कारकुनानं उठून मधल्या टेबलावरच्या एकाच वहीत रेघ मारायची आहे. तिकिटं विकायला माणूस खिडकीत राहणारच नाही. शहाणा स्टेशनमास्तर प्रत्येकाला आपापली वही देईल आणि ड्युटी संपल्यावर बेरीज करील. कर्नलनंही तेच केलं. प्रत्येक गाभ्याला आपला काउंटर, बेरीज विचारणारा आला की. बेरीज होईपर्यंत दोनचार आकडे पुढे गेलेले असतात, त्याला इलाज नाही आणि त्यानं कुणाचं अडतही नाही.

काउंटरच्या रुंदीचीही एक मजा आहे. 32 बिटांच्या काउंटरमध्ये 4,29,49,67,296 बाइट झाले की पुन्हा शून्य. एक गिगाबिटचा वेग पूर्ण वापरात असेल तर हे 34 सेकंदांत होतं. आणि नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कितीतरी यंत्रणा दर पाच मिनिटांनी काउंटर वाचायच्या. पाच मिनिटांत काउंटर आठ-नऊदा फिरून आलेला. मग वजाबाकी करून जो आलेख निघे त्याला देवळातल्या कौलाइतकाच आधार. पण छापून भिंतीवर लावला की तोही देखणा दिसायचा.

कुठे उभं राहून मोजायचं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका माणसानं पाऊणशे वर्षांपूर्वी फार चांगला लढवला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम पाहिलेले. देशात धान्य किती पिकतं हे काढण्यासाठी शेतातला एक छोटा तुकडा कापून वजन करायची पद्धत रूढ होत होती. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस अगदी लहान तुकड्यांच्या बाजूचे होते: झटपट काम, कमी खर्च. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवलं की तुकडा जितका लहान तितका उतारा फुगून येतो. 1946 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडलं. कारण गणितात नव्हतं, विळा धरणाऱ्या हातात होतं. तुकड्याच्या हद्दीवर जे रोप येतं ते आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानानं हद्द मोठी, म्हणून आत ओढलेल्या रोपांचा वाटाही मोठा. कुणी लबाडी केलेली नसते. भरलेलं कणीस बाहेर सोडवत नाही, एवढंच.

‘आले’चा काउंटर रांगेच्या आतल्या बाजूला लिहिणारी मी आणि तो विळेवाला, आम्हा दोघांची हद्दीवरची चूक एका जातीची आहे. कर्नलमध्ये अशा हद्दी जागोजाग आहेत. एकाच संभाषणातली चाळीसेक पॅकेट वरच्या थराला देण्याआधी एकत्र बांधायची सोय आहे. खाली उभं राहून मोजलं तर चाळीस, वर उभं राहून मोजलं तर एक. दोन्ही खरे. कार्डानं नीट दिलेलं पण यजमान मशीननं नंतर फेकलेलं पॅकेट ‘आले’त धरायचं की नाही? लिनक्सच्या दस्तऐवजात आज स्पष्ट लिहिलंय की धरायचं. पण ही व्याख्या इतकी नेमकी लिहिली जायला 2020 च्या आसपासचा काळ उजाडला. तोवर प्रत्येक ड्रायव्हरवाला आपल्या गावच्या मापानं मोजत होता.

हद्दीनंतर दुसरी खोट सरासरीची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे 73. सरासरी काढा: 509. एवढा पाऊस मुंबईत त्या दिवशी या दोहोंपैकी कुठेही पडला नव्हता. कुलाब्याच्या माणसानं उद्या ऑफिस आहे म्हणून कपडे इस्त्री केले असतील आणि सांताक्रूझजवळच्या कलिन्यात लोक माळ्यावर चढून बसले होते. पुढे शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले ते यासाठीच. नेटवर्कमध्ये ‘सरासरी विलंब दोन मिलिसेकंद’ असं कुणी ऐकवलं की मला कुलाबा आठवतो. हजारात दहा पॅकेट दीडशे मिलिसेकंद अडकली तरी सरासरी जेमतेम साडेतीनवर जाते, आणि तक्रारीचा फोन नेमका त्या दहांपैकी एकाचा असतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग गळती शून्यावर आणली की झालं. तेही खरं नाही, आणि इथे माझ्याच मताला मुरड घालावी लागते. गळती शून्यावर आणायचा एक सोपा उपाय आहे: रांग लांब करायची. मेमरी स्वस्त झाली तशी राउटर, मोडेम, कार्ड बनवणाऱ्या सगळ्यांनी हेच केलं. काही टाकलं जात नव्हतं, म्हणून कुठलाही काउंटर ओरडत नव्हता. 2010 मध्ये जिम गेटिस नावाच्या प्रोग्रामरच्या लक्षात आलं की घरून मोठी फाइल पाठवताना साध्या पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ एवढ्याच चौकशीला, उत्तर यायला एक सेकंदाहून जास्त लागतंय. पॅकेट हरवत नव्हती, रांगेत सडत होती. फलाटावरून कुणालाही घरी पाठवलं नाही म्हणायचं, आणि प्रत्येकीला तीन गाड्या सोडायला लावायच्या.

याआधीची गोष्ट अजून बोलकी आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यात, म्हणजे जेमतेम 400 यार्डांवर, इंटरनेटचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. आठशे पटींनी कमी. भाईंदरहून नायगावला खाडीपलीकडे हाक मारली तर लवकर पोहोचेल. वायर मात्र रिकामी नव्हती, गच्च भरलेली होती. उत्तर येत नाही म्हणून प्रत्येक मशीन तेच ते पुन्हा पाठवत होतं, आणि पुन्हा पाठवल्यामुळेच उत्तर येत नव्हतं. ‘किती पाठवले’ या एकाच काउंटरवर त्या दिवसाचं मूल्यमापन केलं असतं तर बर्कलीला बक्षीस द्यावं लागलं असतं. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी 1988 साली यावरचा इलाज प्रसिद्ध केला, ज्यावर आजचं टीसीपी उभं आहे. त्याच जेकबसननी कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत 2012 मध्ये लांबलेल्या रांगेवर ‘कोडेल’ हा उपाय दिला. रांगेत किती पॅकेट आहेत हे तो विचारतच नाही. प्रत्येक पॅकेटवर आत शिरल्याची वेळ टाकायची आणि बाहेर पडताना बघायचं, किती वेळ उभं होतं. शंभर मिलिसेकंदांत एकदाही ही वाट पाच मिलिसेकंदांखाली आली नाही, म्हणजे ही तात्पुरती गर्दी नव्हे, ठाण मांडलेली रांग आहे. मग तो पॅकेट टाकायला सुरुवात करतो. म्हणजे इथे मुद्दाम केलेली गळती हाच इलाज आहे, आणि काउंटर वाढलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही!

म्हणून गळतीच्या आकड्याशेजारी दोन गोष्टी हव्यातच: वाट किती पाहिली, आणि टाकलं ते का. महापालिकेच्या मृत्यू नोंदणीत कारणाचा रकाना असतो. तो नसता तर साथ आली हे स्मशानातल्या गर्दीवरूनच कळलं असतं. कर्नलमध्ये काम नीट आटोपून मोकळं झालेलं पॅकेट आणि अर्ध्या वाटेत मारलेलं पॅकेट यांना वेगळी फंक्शन 2009 मध्ये मिळाली. मारलं ते कशासाठी, याची नावनिशीवार यादी यायला 2022 उजाडलं: ऐकणारं सॉकेट नव्हतं, फिल्टरनं अडवलं, चेकसम चुकला. सुरुवातीला बहुतेकांच्या नावापुढे ‘कारण नमूद नाही’ असंच होतं. लोक अजूनही एकेक ओळ शोधून तिथे खरं कारण भरत आहेत. मला हे काम फार आवडतं. त्यात नवा वेग नाही, नवी सोय नाही, नुसतं खरं लिहिणं आहे.

शेवटी मोजायचं ते कुणाच्या तरी हाताला उपयोग व्हावा म्हणून. भाईंदरजवळच्या राई-मुर्ध्याकडच्या एका मिठागरवाल्या काकांनी मला एकदा काचेची नळी पाण्यात तरंगवून दाखवली होती. खाडीचं पाणी एका कोंड्यातून दुसऱ्यात असं उन्हात दाट होत जातं. पाण्याचा दाटपणा सांगणाऱ्या बोमेच्या मापावर पंचविसाच्या आसपास आलं की मीठ धरायला लागतं, आणि तिशीकडे गेलं की उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडवटतं. त्या नळीवर बारीक रेघा खूप होत्या. काकांचं लक्ष दोनच ठिकाणी. तिथे आकडा पोहोचला की बांध फोडायचा, बाकी वेळी नळी खोपटात खिळ्याला टांगलेली.

सध्या मी ज्या मॉड्यूलवर काम करते त्यात आकडे घालायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी उत्साहात चौदा काउंटर लिहिले. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी पॅच तपासायला होते. प्रत्येक काउंटरवर त्यांनी एकच प्रश्न विचारला: “हा वाढला तर रात्री दोनला फोन उचलणारा माणूस काय करणार, ते सांग.” नऊ ठिकाणी मला सांगता आलं नाही, ते नऊ मी खोडले. उरले ते असे: रांग भरली म्हणून टाकलं, मेमरी मिळाली नाही म्हणून टाकलं, नियमानं अडवलं, आणि रांगेतल्या मुक्कामाचा एक तक्ता, ज्यात सरासरी नाही, दुपटीदुपटीचे कप्पे आहेत: एक मायक्रोसेकंद, दोन, चार, आठ असे पुढे. पाचवा ‘इतर’.

त्या ‘इतर’वर बराच वाद झाला. ते म्हणाले, “इतर म्हणजे तुला माहीत नाही, असंच ना?” मी म्हटलं हो, म्हणूनच ठेवायचा आहे. एखादी वाट माझ्या नजरेतून सुटली असेल तर पॅकेट निदान तिथे तरी पडलेलं दिसेल. मॉड्यूल चाचणीच्या मशीनवर चढवून आठवडा झाला. पहिले तीन काउंटर शून्यावर आहेत. ‘इतर’ हळूहळू वाढतोय, रोज साधारण सकाळी सव्वानऊनंतर. आज रात्री जेवण झालं की पुन्हा कोड उघडून बसणार आहे.